करपलेल्या बिया फेकू नकोस

भट्टीवाल्या,

बस चुकेल म्हणून लिहून जातेय. "जरा हलवत राहा" म्हणून तू आंघोळीला गेलास, तेवढ्यात आईचा फोन आला आणि कढईतल्या कॉफीच्या बियांचा पार कोळसा झाला. तुझ्या कॉफीवेड्या मित्रांना वाटायच्या होत्या, ठाऊक आहे. पण चिडण्याआधी ऐक.

तू आतून ओरडलास, "अगं, करपतंय!" दार बंद, नळ चालू, आणि मी एक अक्षर बोलले नव्हते. त्या तापातून उठल्यापासून तुला कसलाच वास येत नव्हता. तू भाजायचं आणि शेजारी उभं राहून मी हुंगायचं, "आता उतरव" म्हणायचं. मी, जिच्या घशाखाली कॉफीचा घोट उतरत नाही! आज मात्र माझ्याआधी तुला कळलं. तुझ्या लक्षात तरी आलं का? मी ओट्यापाशी रडून घेतलं. धूर होता ते बरं झालं.

मित्रांना कळवलंय: रविवारी बिया नाहीत, पण हा येतोय. वास येत नाही म्हणून कारणं सांगून त्यांच्यात जाणं टाळलंस तेवढं पुरे.

कढई घासू नकोस. संध्याकाळी माझ्यासमोर एकदा हुंग आणि छान नाक मुरड.