सफरचंदाखाली अंथरलेली साडी

आई, आज डब्यातल्या तांदळाला सोंडे लागलेले दिसले आणि सकाळपासून माझं कशात लक्ष नाही. ताट उन्हात ठेवलंय, चार वेळा उठून पाहून आले. मिशिगनच्या बागेत सफरचंदावरचा किडा पहिल्यांदा दाखवलास तेव्हा तू म्हणाली होतीस, "बघ, आपल्या सोंड्याचा अमेरिकन चुलतभाऊ!" ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी नववीत होते. नागपूरहून शेतकीची पदवी घेऊन आलेली तू त्या बागेत किडींची पाहणी करायचीस. फुलांच्या पाकळ्या गळल्या की रोज सकाळी गारव्यात, बुद्धवंदनेला नेसायची तुझी जुनी पांढरी साडी झाडाखाली अंथरायची आणि फांदीवर काठी मारायची. किडे टपाटप पडतात, मेल्याचं सोंग घेतात, आपण मोजतो. जास्त निघाले तर मालक फवारणी करणार.

त्या दिवशी तुझी कंबर धरली होती, म्हणून शाळा बुडवून रस्त्याकडची रांग मी घेतली. "नीट बघ गं, घाई नको करू," तू लांबून ओरडलीस. परत येऊन मी सांगितलं, "नथिंग, आई. एकही नाही." तुझ्या शब्दावर मालकानं फवारणी कॅन्सल केली. महिन्याभरात त्या रांगेतल्या फळाफळावर किड्यांचे नखाएवढे ओरखडे उठले. तो सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलला. तू एवढंच म्हणालीस, चूक माझी. पुढच्या वर्षी त्यानं तुला बोलावलं नाही. तू किराणा दुकानात उभी राहिलीस, ती शेवटपर्यंत.

तुझ्या शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये मी तुला सांगितलं की किडे पडले होते. पण आदल्याच दिवशी वंदनेत पहिलं शील म्हटलं होतं, कुणाचा जीव घ्यायचा नाही, म्हणून मी साडी गवतात झटकली. मला वाटलं, रागावशील. तू माझा हात थोपटलास. "नोकरीचं काय गं, शील पाळलंस ना!" केवढा चेहरा फुलला होता तुझा. आलेल्या प्रत्येक नर्सला ते सांगत होतीस. मीही मुलांना तेच सांगत आले.

हे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिता येतंय. आई, शीलबिल काही नव्हतं. समोरून स्कूल बस येत होती. झाडाखाली साडी अंथरून बसलेली मी वर्गातल्या पोरांना दिसेन, याची लाज वाटली. घाईघाईनं ती गुंडाळली आणि पाठीमागे लपवली.

साडीवर किडे होते की नव्हते, मी बघितलंच नाही.