अळणी जेवणाचे दिवस

अण्णा,

आमच्या घरी आता संध्याकाळी सातला जेवणं होतात. जयपूरला उन्हाळ्यात सातला अजून भिंतीवर ऊन असतं, खाली घरमालकीणबाई पाइपानं अंगण गार करत असतात, आणि आम्ही चौघं पानावर बसलेले असतो: मी, तुमची सून, आई आणि माझी मुलगी. तिला तुम्ही पाहिलं नाहीत, ती आता अकरावीत आहे. आधी वाटीभर काकडी आणि मुळा खायचा. ती वाटी रिकामी झाल्याशिवाय पुढचं काही ताटात येत नाही. मग मुगाचं पातळ वरण, दुधी नाहीतर दोडका, आणि एक ज्वारीची भाकरी. भात रविवारी. तेलाच्या बाटलीवर मुलीनं पेनानं रेघा मारल्यात, एका आठवड्याला एक रेघ. साडेसातला सगळं आवरलेलं असतं आणि माझ्यासमोर एक लांबलचक संध्याकाळ उरते, जिच्यात खायचं काहीच नसतं.

सुरुवात ऑफिसच्या वार्षिक तपासणीपासून झाली. विमा कंपनीतली माणसं स्वतःच्या तब्येतीला भीत नाहीत, पण रिपोर्ट हातात आला की भितात. यकृतावर चरबी, साखर काठावर, रक्तदाब काठाच्या जरा पलीकडे. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "दस-बारह किलो कम कीजिए, दवा की बात बाद में करेंगे." त्या दिवशी माझी मुलगी सोबत होती. तिनं डॉक्टरांचा शब्दन् शब्द फोनमध्ये लिहून घेतला, आणि घरी आल्यावर चप्पलही न काढता स्वयंपाकघरात गेली. चिवड्याचा डबा, शेव, खारी, लोणच्याची मोठी बरणी, सगळं पिशवीत भरून तिनं कॉलनीच्या गेटवरच्या चौकीदार भैयांना देऊन टाकलं. आईनं सांगलीहून आणलेलं भडंगही गेलं. मला वाटलं, निदान आई तरी काही बोलेल. आई म्हणाली, "जाऊ दे. बरं केलंस, पोरी."

माझ्या वाढदिवसाला मुलीनं मला वजनाचा काटा दिला. स्वतःचे पैसे साठवून आणलेला, चकचकीत कागदात गुंडाळलेला. मी त्याच्यावर उभा राहिलो की आकडा तिच्या फोनवर जातो. ती सकाळी क्लासला गेलेली असते, मी इथं दुर्गापुऱ्यात बाथरूमबाहेर उभा असतो, आणि दोन मिनिटांत तिचा मेसेज येतो: "बाबा, कल से 400 ग्राम ज्यादा. काय खाल्लंस?" मराठी तिला बोलता येतं, पण लिहिताना अशी सरमिसळ होते. सकाळी मला ऑफिसात पोचायची घाई असते, तरी उत्तर द्यावं लागतं. "पाणी जास्त प्यायलो," मी लिहितो.

आणि या सगळ्यात चिडावं असा एकही माणूस घरात नाही, अण्णा. तुमची सून रत्नागिरीची. भाताशिवाय जेवण म्हणजे उपास, असं म्हणणारी. तिनंही भात सोडलाय. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, "तू कशाला? तुझे रिपोर्ट चांगले आहेत." ती म्हणाली, "तुझ्यासमोर मी भात कालवून खाऊ? घशाखाली उतरेल मला?" परवा भांडी विसळताना म्हणाली, "तू चिडत का नाहीस रे? एकदा चिड. मला बरं वाटेल." मी म्हटलं, "कोणावर चिडू?" ती हात पुसत तशीच उभी राहिली. माझ्या एकट्याच्या ताटात दुधी असता तर मी ताट ढकललं असतं. चौघांच्या ताटात दुधी आहे.

ताटावर बसलो की तुम्ही दिसता. अ‍ॅटॅकनंतर तुम्हाला सिव्हिलमधून घरी आणलं, तो दिवस. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. डॉक्टरांनी मीठ आणि तेल तोडायला सांगितलं होतं, आणि ते तोडून घ्यायचं काम मी अंगावर घेतलं. आई स्वयंपाक करायची, पण पहारा माझा. तुम्ही पहिला घास घेता, चावता, आणि चावता चावता थांबता. आई विचारते, "अळणी लागतंय का?" तुम्ही माझ्याकडे बघता. मी मिठाची बरणी वरच्या फळीवर नेऊन ठेवलेली आहे. "चांगलंय," तुम्ही म्हणता. शेजारच्या काकू बारशाचे पेढे घेऊन आल्या, तेव्हा दारातच त्यांना "अण्णांना चालत नाही" म्हणून परत पाठवलं ते मीच. तुम्ही आत खाटेवर बसून ऐकत होता.

तुम्ही ड्यूटीवर परत गेलात. आपल्या एसटी स्टँडवरची ती कंट्रोलची केबिन, तिची तारांची जाळी, लाकडी टेबल, त्यावरचा मोठा माइक. गावात कुठंही भेटलेला माणूस म्हणायचा, "तुझ्या वडलांचा आवाज काय, बास!" सातारा, कोल्हापूर, जत, मिरज, सगळ्या गाड्या तुमच्या तोंडून सुटायच्या. एका दुपारी मी कॉलेजातून सायकलवर परत येताना स्टँडमध्ये शिरलो, सहज. जाळीतून बघतो तर टेबलावर रजिस्टरच्या आडोशाला वर्तमानपत्राचा कागद, त्यात दोन वडे आणि तळलेली मिरची. एक वडा अर्धा खाल्लेला. तुमच्या मिशीला चुरा लागलेला.

मी दार ढकलून आत आलो आणि ओरडलो, "अण्णा! तिकडं आई तुमच्यासाठी अळणी खाती, आणि तुम्ही इथं वडे चरताय? मरायचंय का तुम्हाला?"

तुम्ही गाडी पुकारायला माइक नुकताच चालू केला होता, हे मला ठाऊक नव्हतं. माझाच आवाज बाहेरच्या भोंग्यांतून माझ्या कानावर आला. मरायचंय का तुम्हाला. फलाटावरची माणसं वळून केबिनकडे बघायला लागली. पाण्याच्या टाकीपाशी उभे असलेले कंडक्टर हसले. तुम्ही माझ्याकडे बघितलं, मग माइककडे. मला वाटलं, तुम्ही तो बंद कराल. तुम्ही तो जवळ ओढलात आणि रोजच्याच आवाजात म्हणालात, "इस्लामपूर, कराडमार्गे साताऱ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे. प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी." मग बटण खाली केलंत. कागदाची पुडी नीट बांधलीत आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकलीत. मला विचारलंत, "चहा घेतोस?" मी नको म्हटलं आणि सायकल काढली.

घरी तुम्ही यातलं काही बोलला नाहीत. मीही नाही. त्यानंतर तुम्ही बाहेर काही खाल्लं नाहीत, घरातही काही मागितलं नाहीत. दिवाळीत फराळाची ताटं मांडली की तुम्ही उठून पेपर घ्यायचात. तुम्ही गेलात त्या दिवशी स्टँडवरची बरीच माणसं आली होती. एक म्हातारे कंडक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून रडता रडताच हसले आणि म्हणाले, "लई चांगला माणूस. आम्ही कितीतरी महिने थट्टा करायचो बघ, अण्णा कँटीनवरून गेले की ओरडायचो, मरायचंय का तुम्हाला? हसायचे फक्त. कधी रागावले नाहीत." त्यांना माहीत नव्हतं की ते वाक्य माझं होतं. किंवा माहीत असेल आणि विसरले असतील. आलेले सगळे म्हणत होते, पथ्य पाळलं म्हणून एवढी साडेतीन वर्षं तरी मिळाली. ते मी घट्ट धरून ठेवलं. अजून धरलेलंच आहे. पण ती वर्षं तुम्ही कशी काढलीत, हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही.

मला वाटतं, आता थोडं कळतंय. दोन महिन्यांपूर्वी मी पकडला गेलो. आमचं ऑफिस सीतापुऱ्यात आहे, आणि कारखान्यांच्या रस्त्यावर एका हातगाडीवर सकाळ-संध्याकाळ प्याज कचोरी मिळते. आठवड्यातून एकदा मी तिथं थांबायचो. घाईघाईत, उभ्यानं, हेल्मेट न काढता खायचो. एका शनिवारी ऑफिसातले दोघं तिथं आले. घरातल्या पथ्याची बढाई मी त्यांच्यासमोर मारलेली होती, म्हणून कचोरी कागदात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकली आणि निघालो. नंतर ती तिथंच विसरलो. रविवारी सकाळी मुलगी स्कूटर पुसायचं फडकं घ्यायला खाली गेली. बराच वेळ वर आली नाही म्हणून मी गेलो. ती पार्किंगमध्ये तो तेलकट कागद दोन बोटांत धरून उभी होती.

"बाबा, ये क्या है?"

मी कागद घ्यायला हात पुढे केला. तिनं तो मागे घेतला.

"मतलब तू रोज खोटं बोलतोस?"

"रोज नाही गं."

"म्हणजे कधी कधी बोलतोस." तिचा आवाज फाटला. "आजोबा कसे गेले मला माहितेय. आजीने सांगितलंय. मुझे नहीं चाहिए वैसा, बाबा. मला नाही पाहिजे." आणि ती रडायला लागली. समोरच्या अंकलजींची गाडी निघायची होती, ते लांबच थांबले. ती माझ्या शर्टात तोंड खुपसून रडत होती आणि तेलाचा कागद आमच्या दोघांच्या मध्ये चुरगळत होता.

ती ओरडली असती तर मी ओरडलो असतो. वडलांशी असं बोलतात का, म्हटलं असतं. रडणाऱ्या मुलीला काय म्हणणार? मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "पुन्हा नाही खाणार." आणि खरं लिहितो, ते म्हणताना मला माया आली तसाच रागही आला. आठवड्यातली ती एक संध्याकाळ माझी होती. आता तीही गेली. तेव्हापासून मी त्या रस्त्यानं येत नाही, लांबच्या वळणानं घरी येतो.

वर आलो तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं, की त्या दुपारी तुमच्या केबिनमध्ये मीही घाबरलेलाच होतो. मला रडता आलं असतं. मी वीस वर्षांचा होतो आणि रडायची लाज वाटली, म्हणून ओरडलो. माझ्या मुलीला ती लाज नाही. मी घाबरलोय हे तुम्हाला माझ्या तोंडून ऐकायला मिळायला हवं होतं, भोंग्यातून ओरडणं नाही.

काल आई जेवताना म्हणाली, "तुझे अण्णा बरीक कधी काही बोलले नाहीत. ताट पुसून जेवायचे." तिला कौतुक करायचं होतं. मुलीनं माझ्याकडे बघितलं, बघ शिक, अशा नजरेनं. मी मान खाली घालून दुधी संपवला.

हे मी ऑफिसातच जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. डब्यात दलिया होता, तो खाऊन झाला. कागद इथंच खणात राहील. घरी नेला तर मुलीच्या हाती पडेल. ती मराठी अडखळत वाचते, पण सोडत नाही.

एक मात्र सांगून टाकतो. मागच्या आठवड्यात तुमच्या सुनेची बहीण आली होती, तिला सोडायला दुर्गापुरा स्टेशनवर गेलो. गाडी पलीकडच्या फलाटावर होती. दोन्ही हातांत बॅगा घेऊन पूल चढलो, पलीकडे उतरलो, बॅगा खाली ठेवल्या, आणि मग लक्षात आलं की मी मध्ये कुठं थांबलोच नव्हतो. एरवी पुलावर थांबतो, फोन बघितल्यासारखं करतो, श्वास जुळवतो. त्या दिवशी श्वास आपला आपण चालत होता. मला इतका आनंद झाला की तिथं कोणाला तरी सांगावंसं वाटलं. आणि लगेच भीती वाटली, की हे घरी कळलं तर आता यातून सुटका नाही. उपयोग होतोय म्हटल्यावर हे जन्मभर चालणार.

अण्णा, तुम्हालाही कधी बरं वाटायला लागलं होतं का? आणि आम्हाला कळू दिलं नाहीत का?

घरी आलो तेव्हा तुमची सून दारातच उभी होती. "दमलास का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हो, जरा." तिनं पाणी आणून दिलं. ते मी खुर्चीत बसून, मधून मधून थांबत, दमलेल्या माणसासारखं प्यायलो.