सोडून जाण्याआधीची धाव

बाबा, तुमचा मुलगा फुटबॉल क्लब सोडणार अशी बातमी या सीझनला सगळीकडं फिरत होती. औरंगपुऱ्यात ब्लाउजपीस घ्यायला गेले, तर दुकानदारानं कापड फाडता फाडता विचारलं, "ताई, भाई किधर जा रहे? केरळ की कोलकाता?" पुंडलिकनगरच्या घरी आई मोबाइल डोळ्यांजवळ धरून सगळं वाचायची. तो कोचवर नाराज आहे, सरावात कुणाशी बोलत नाही, दुसऱ्या क्लबशी आतून ठरलंय. तुम्ही गेलात तेव्हा तो शाळेत होता. आता त्याच्या रुसण्याच्याही बातम्या होतात, हे तुम्हाला खरं वाटलं नसतं.

नाराज तो होताच. फोनवर म्हणाला, "ताई, गोल मारणारा माणूस मी, अन् अख्खा सीझन बाकावर बसून काढला. संपला की निघणार. मन लागत नाय इथं." मला आमखास मैदान आठवलं. शाळांचा सामना आहे, तुम्ही रेफ्री आहात, आणि पास मिळत नाही म्हणून चिडून हा आपल्याच संघातल्या पोराला ढकलून देतो. तुम्ही शांतपणे खिशातून लाल कार्ड काढता. स्वतःच्या मुलाला. घरी आल्यावर तो ताट सारून बसला होता. तुम्ही स्वयंपाकघरात त्याच्यासमोर मांडी घातलीत, त्याची भाकरी कुस्करून दिलीत आणि म्हणालात, "राग घरी आणायचा, बेटा. घर कशासाठी असतं? पण मैदानात हायेस तोवर त्या दहा पोरांचा तू." मग तो लई रडला, आणि तुम्ही त्याला रडू दिलंत.

शेवटच्या सामन्याला मी त्याला न सांगता त्याच्या क्लबच्या गावी गेले. हरले तर क्लब खालच्या गटात घसरणार होता. बरोबरी चालू होती, आणि अगदी शेवटी त्याला मैदानात उतरवलं. त्याच्याच क्लबच्या लोकांनी हुर्यो केली, बाबा. माझ्या शेजारच्या काकांनी तर तोंडाला येईल ते म्हटलं. "जायचंय ना याला? हा कशाला पाय मोडून घेईल आमच्यासाठी!" मी ओढणी घट्ट धरून बसले. आणि समोरच्या संघाचा एक जण चेंडू घेऊन सुटला. गोलकीपर पुढं आलेला, त्यालाही चकवलं. मागं मोकळा गोल. तेव्हा पलीकडच्या टोकाकडून कुणीतरी पळत येताना दिसलं. तो आपला होता. इतक्या लांबून, इतक्या वेगानं माणूस पळू शकतो हे मी कधी पाहिलं नव्हतं. ज्या घरातून निघायचं ठरलंय त्याच्या दारात कुणी असं आडवं पडतं का? तो पडला. रेषेवरून चेंडू बाहेर काढला आणि स्वतः खांबावर जाऊन आदळला. मग तो खांबाला धरून उठला, आणि जो आवाज झाला तो अजून माझ्या छातीत आहे.

क्लब वाचला. पुढच्याच आठवड्यात तो दुसरीकडं गेला; बातमी खरीच होती. खांद्याला पट्टा बांधून दोन दिवस घरी आला, आईच्या हातचं पोटभर जेवला आणि कोचला मनसोक्त शिव्या घातल्या. मी भिंतीला टेकून नुसती त्याच्याकडं बघत होते. आपल्याच घरात वाढलेला हा, तरी मला नवा वाटत होता.

हे पाकिटात घालून पत्ता कुठला लिहू? राहू दे इथंच. एवढंच सांगते, त्या गदारोळात शेजारच्या काकांनी माझे दोन्ही हात धरले होते. ते रडत होते, "पाहिलंस का, पोरी, पाहिलंस का" म्हणत होते. तो माझा भाऊ आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.