काठोकाठ भरलेला कप

होटगी रोड, सोलापूर
१२ मे

प्रिय दिग्विजय,

मी सुट्टीवर आलोय हे कळल्यावर काल तू घरी आलास. लीलाने चहा केला आणि मी स्वतःच्या हाताने तुझा कप काठोकाठ भरला, थोडा बशीतही सांडला. तू खूश होऊन म्हणालास, "राग गेला की रे तुझा, नारायणा!" आपण होटगीच्या शाळेत एका बस्करावर बसलो, म्हणून त्या कपाचा अर्थ तुला नीट समजावून सांगतो.

उझबेकिस्तानच्या टॉवेल कारखान्यात मी फिटर म्हणून गेलो त्याला तीन वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात तिथला जुना कारागीर रुस्तम मला घरी घेऊन गेला. भाषा येत नव्हती, पण पियाला, हवा, किताब असे शब्द कानावर पडले की आपल्या नवी पेठेत उर्दू बोलणाऱ्या कापडवाल्याच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटायचं. त्याच्या आईने पियाल्यात दोन घोट चहा ओतला. संपला, की पुन्हा दोनच घोट. मनात म्हटलं, आपल्याकडे दारी आलेल्यालासुद्धा भरून देतात. म्हणून त्या दोघांना मी खोलीवर बोलावलं, दूध-साखर घालून आपला चहा केला आणि पियाले गच्च भरले. म्हातारीचा चेहरा उतरला. रुस्तमने चहा संपवला, छातीवर हात ठेवला आणि दोघं उठून गेले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या दुभाषी मुलीने सांगितलं. पाहुण्याने बसावं, पुन्हा मागावं, आपला हात पुन्हा पुन्हा पुढे व्हावा, म्हणून तिथे थोडा ओततात. भरलेला पियाला म्हणतो, पी आणि नीघ. तिलाच सोबत घेऊन मी धावत मागापाशी गेलो आणि रुस्तमची माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "तुला ठाऊकच नव्हतं, मग अपमान कसला?"

परदेशात मी एवढंच शिकलो बघ. आपण मान म्हणून देतो ते दुसऱ्याच्या घरी थोबाडीत ठरतं, आणि ज्याला अपमान समजून कुढतो तो कधी मान असतो. तेव्हापासून बऱ्याच जणांवरचा राग मी सोडला. तुझ्यापाशी मात्र अडलो, कारण तुला सगळं ठाऊक होतं.

इथल्या गिरणीच्या रंगखात्यात कुठला रंग किती घालायचा ती चिठ्ठी तू लिहायचास. नऊ वर्षांपूर्वी ती चुकली आणि अख्खा लॉट वाया गेला. मालकासमोर तू म्हणालास, "भीमा पिऊन आला होता." माझा भाऊ! पंचवीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, कांदासुद्धा न खाणारा माणूस. त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. घरी येऊन त्याने माळ उतरवली आणि देवापुढे ठेवली. "लोकांचाच इश्वास न्हाय, आता घालून काय करू?" एवढंच बोलला. दोन वर्षांनी गेला, तो माळेशिवाय गेला. आणि काल तू बिस्किट बुडवत म्हणालास, "नोकरी जात होती माझी. लई जुनं झालं ते, सोड की आता."

रुस्तमच्या हिशेबाने, ठाऊक नसताना केला तर तो अपमानच नसतो; काल मला ठाऊक होतं, तुलाच नव्हतं. म्हणून कळवतो. काल कप भरून मी तुला घालवून दिलं. आज पूजेला बसलो तेव्हा, हे पाप आहे का, असं विठ्ठलाला विचारलं. उत्तराची वाट न पाहता हे पत्र लिहायला बसलो.

आता ज्यासाठी तू आला होतास ते. तुझ्या ऋतुजाच्या नोकरीसाठी आज सकाळी उझबेकिस्तानच्या कारखान्यात फोन करून शब्द टाकला. पोरगी हुशार आहे, तिचं काम होईल. तिथे तिला माझ्याशिवाय ओळखीचं कुणी नाही, तेव्हा दर रविवारी ती माझ्याकडे जेवायला येईल. तिथल्या माझ्या खोलीत भीमाण्णाचा फोटो आहे. पहिल्याच रविवारी ती विचारेल, "काका, हे कोण?" मी तिच्याशी खोटं बोलणार नाही. व्हिसा यायला दीड महिना लागतो, तेवढे दिवस तुझ्या हातात आहेत. तिला तू स्वतः सांगितलंस, तर मी फक्त म्हणेन, हा माझा भाऊ. नाही सांगितलंस, तर तिच्या बापाने काय केलं ते ती माझ्या तोंडून ऐकेल, घरापासून इतक्या लांब, माझ्याकडे ताटावर बसून.

'तुझाच' लिहायची सवय अजून न सुटलेला,
नारायण