आईची करंगळी

दादा,

आईला दवाखान्यात घेऊन जातेय. विरजण लावण्याआधी नेहमीसारखी दुधात करंगळी बुडवून बघत होती. दूध नुकतंच उकळून उतरवलेलं. बोट आत ठेवूनच म्हणाली, "कोमट झालंय," आणि दुसऱ्या हाताने विरजण घातलं. शेवटी मीच तिचा हात ओढून काढला. बोटावर टरारून फोड आलाय, आणि ती म्हणते, काही दुखत नाही.

पातेल्यातलं दूध फाटलंय, ते टाकून दे. कोपऱ्यावरून दही आणून तिच्या भांड्यात काढून ठेव. परत आल्यावर ती आधी तेच बघेल.

महिनाभर दही लागत नव्हतं म्हणून आपण दूधवाल्याला नाही नाही ते बोललो आणि त्याला बंद केलं. त्याच्या दुधात काही खोट नव्हती रे.

छोटी