खंडेनवमीचं पाणी

आबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. लेथवर उभी राहिले की मागून तुमचा आवाज येतो, "आगं, मापात," आणि मी मनातल्या मनात उत्तर देते की मापातच आहे, जरा दम धरा. आज मात्र भांडायला बसले नाही. एक गोष्ट सांगायची राहून गेलीय, त्या पेंटबॉलच्या बंदुकांच्या वेळची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कळंबोलीत आपल्या वर्कशॉपच्या शेडच्या दोन्ही अंगांना ट्रकच ट्रक, आणि आपण दिवसभर पिना, बुश, घासलेले शाफ्ट यांतच. अशात खांदेश्वरच्या पुढे खेळाचं मैदान काढलेले एक साहेब आले आणि गोणपाटात गुंडाळलेल्या आठ बंदुका त्यांनी टेबलावर ठेवल्या. परदेशात वापरून झालेल्या, जुन्या. गॅसच्या जोरावर रंगाची गोळी उडवायची, ज्याला लागली तो बाद, असा तो खेळ. तुम्ही एक बंदूक हातात घेऊन उलटीपालटी केलीत आणि मोठी माणसं असले खेळ खेळतात यावर तुमचा विश्वासच बसेना. साहेबांची तक्रार एकच होती. वरच्या डब्यातून गोळ्या आपल्या वजनाने नळीत घरंगळायच्या, आणि कोणी भराभर घोडा दाबला की त्या वेळेत खाली पोचायच्याच नाहीत. गोळी अर्धी आत, अर्धी बाहेर असताना तिला ढकलणारा दट्ट्या पुढे आला की तिचे दोन तुकडे आणि आत सगळा रंगाचा राडा. दसऱ्याला एका कंपनीची माणसं खेळायला येणार होती. तोवर काहीतरी करा, म्हणाले, आणि चाचणीसाठी गोळ्यांचं एक खोकं दिलं.

तुम्ही म्हणालात, नळीचं तोंड मोठं करू. मी म्हणाले, त्याने काही होणार नाही, उलट दोन गोळ्या शेजारी शेजारी येऊन जास्तच अडकतील. साहेबांसमोर बोलले म्हणून तुमचा चेहरा असा झाला! मी आयटीआयमधून फिटर होऊन वर्ष झालं होतं, आणि तुम्ही मला फक्त कडा घासायला आणि हत्यारं पुसायला ठेवलं होतंत. मामाने बेलापूरच्या एका ऑफिसात टायपिस्टच्या जागेसाठी शब्द टाकला होता. तुमचं ठरलेलं होतं की पोरीने ग्रीसमध्ये हात घालायचे नाहीत. माझंही ठरलेलं होतं. मला लेथ हवं होतं, दुसरं काहीही नको होतं. साहेब गेल्यावर मी तुम्हाला गिरणीतलं उदाहरण दिलं. दाणे डब्यात एकमेकांना अडून बसतात, मग गिरणीवाला डब्याला टपल्या मारतो. तसं इथे कोणीतरी आतून ढवळत राहायला हवं. तुम्ही सुपारी चघळत म्हणालात,

"दसऱ्याला सायबाच्या समोर शंभर गोळ्या मार. एक बी आत फुटली न्हाई, तर लेथ तुजं. फुटली, तर सोमवारी गपगुमान बेलापूरला जायचं."

मी हो म्हणाले. आपला बंद पडलेला टेपरेकॉर्डर उघडून मी त्याची मोटर काढली, तेव्हा आईने डोक्याला हात लावला. सायकलच्या ट्यूबचं मऊ रबर कापून छोटं वल्हं केलं, ते मोटरला लावलं, डब्याच्या बुडाशी बसवलं आणि चौकोनी बॅटरी जोडली. पहिल्या दिवशी डब्यात नुसती पिवळी कढी झाली, कारण मोटर थांबतच नव्हती आणि नळी भरलेली असली तरी वल्हं गोळ्यांना चेपतच राहायचं. तुम्ही लांबून बघून हसलात. मला इतका राग आला की दोन दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. मग सुचलं की नळी भरली की मोटर आपोआप थांबली पाहिजे. त्याच टेपरेकॉर्डरमधली स्विचची पातळ पत्ती काढून मी नळीच्या बाजूला बसवली. गोळी पत्तीला टेकली की मोटर बंद, गोळी खाली सरकली की चालू. सोल्डरने तारांना डाग देताना तीन बोटं भाजली, तरी सोडलं नाही. चौथ्या दिवशी बंदूक एका दमात वीस गोळ्या सोडते आणि मी एकटीच शेडमध्ये उड्या मारतेय, हे आजही डोळ्यांसमोर आहे.

मग खंडेनवमी आली. तुमची पूजा सगळ्या कळंबोलीत वेगळी. बाकीचे मशीनला बाहेरून हळदकुंकू लावून हार घालायचे, तुम्ही प्रत्येक झाकण उघडायचात. वरवरचा नमस्कार यंत्राला पोचत नाही, असं तुमचं म्हणणं. लेथचा गिअरबॉक्स, ड्रिलचं कव्हर, अगदी हत्यारांची पेटीसुद्धा उघडून तुम्ही झेंडूचं फूल तांब्यात बुडवून आत पाणी शिंपडायचात. पूजेत रिकामं काही ठेवायचं नाही म्हणून मी बंदुकीचा डबा गोळ्यांनी भरून ठेवला होता. तुम्ही त्याचंही झाकण उघडलंत, दोनदा फूल झटकलंत, हात जोडलेत आणि झाकण लावलंत. मला तेव्हा भरून आलं. माझं काम तुम्ही लेथच्या शेजारी, पूजेत बसवलं होतं.

दसऱ्याला सकाळी साहेब आले. मागच्या भिंतीवर जुनी ताडपत्री टांगली होती. साहेबांनी बंदूक उचलली, घोडा दाबायला लागले. सहा गोळ्या नीट गेल्या. मग नुसता फुस्स आवाज. मग आत काहीतरी फुटलं आणि नळीतून पिवळा रंग ओघळला. डब्यात गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि मोटर बिचारी जागच्या जागी कण्हत होती. साहेब म्हणाले, राहू द्या, जुन्याच डब्यांवर भागवू. सोमवार मला समोर दिसायला लागला.

तुम्ही डबा हातात घेतलात. दोन गोळ्या काढून अंगठ्याने चोळल्यात; ओल लागून त्यांचं कवच मऊ, चिकट झालं होतं. वीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकासमोर तुम्ही स्वतःचं चुकलं असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"थांबा सायेब. काल म्या ह्यात पाणी शिंपडलं. चूक माजी हाय. पोरीचं काम बराबर हाय."

मग तुम्ही स्वतः डबा धुतलात, फडक्याने पुसलात, पंख्याखाली धरून बसलात. साहेबांच्या गाडीतून नवं खोकं आलं. शंभर गोळ्या गेल्या, आत एकही फुटली नाही. ताडपत्री हळदीच्या अंगाची झाली. सोमवारी मी शेडमध्ये आले तर तुम्ही ड्रिलवर उभे होतात आणि लेथ मोकळं ठेवलं होतंत.

आता ऐका. आई होती तोवर तिला तरी सांगायला हवं होतं, तेही केलं नाही, आणि हा कागदही लिहून झाला की फाडणार आहे. त्या गोळ्यांच्या खोक्यावर इंग्रजीत ठळक लिहिलं होतं की ओल लागू देऊ नका. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, मला येत होतं. मी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं. तुम्ही झाकण उघडलंत तेव्हा मी शेजारीच ताट धरून उभी होते. पूजेत तुमचा हात कसा अडवायचा, आणि चार थेंबांनी काय होतंय, म्हणून गप्प बसले. तेवढं तुम्ही एखाद वेळेस समजून घ्याल. पण दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर तुम्ही सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंत तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर 'पोरीचं काम बराबर हाय' हे शेवटचं वाक्य तुम्ही मागे घेतलं असतंत. ते मला हवं होतं, आबा. आजही परत द्यायची माझी तयारी नाही.