फेट्याबद्दल माफी मिळणार नाही

चि. नाथाजी यास,

जोतीराम दाजींचा आशीर्वाद. (तो तू घेणार नसशील, तरी मोठा असल्याने मला द्यावाच लागतो.) इकडे सर्व क्षेम. तुझा गुडघा, तुझी साखर आणि तुझी नवी गाडी, तिन्हींची तब्येत बरी असावी. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून लग्नाला पंधरा दिवस झाल्यावर हा कागद घेऊन बसलो. तुझी बहीण या पंधरा दिवसांत माझ्याशी फक्त ‘जेवा’ एवढंच बोलली आहे. तिचं म्हणणं, एकुलता भाऊ मी तोडला.

आधीच सांगतो, हे पत्र माफीचं नाही. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली. चूक असेल तिथे मान खाली घातली, नसेल तिथे साहेबाच्या नजरेला नजर दिली. (दोनदा शिक्षा भोगली, तो विषय वेगळा.) तुझ्या भाचीच्या लग्नात आमच्या कुत्र्याला, लांब्याला, फेटा मिळाला आणि तुला टॉवेल-टोपी. म्हणून तू न जेवता गेलास आणि पुन्हा आमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, असं भर मांडवात ओरडलास. ठीक आहे. आता माझी बाजू ऐक.

शिवांजलीला भाऊ एकच, आपला वीरधवल. त्याची मंजूर झालेली सुट्टी लग्नाच्या चार दिवस आधी रद्द झाली. फौजेत असं होतं, मी कुणाला दोष देत नाही. (त्या दिवशी गोठ्यात जाऊन म्हशीवर विनाकारण ओरडलो, एवढंच.) मग नवऱ्याचा कान पिळायचा कुणी? चुलत भाऊ सात, सातही तयार होते. पण शिवांजली म्हणाली, “दादाच्या जागंवर लांब्याच उभा ऱ्हाईल. न्हाईतर मीबी उभी ऱ्हात न्हाई.” वीरधवलने भरती होण्याआधी शर्टात घालून आणलेलं ते पिल्लू, त्याच्याच ताटात वाढलेलं. मी म्हणालो, कुत्रं बोहल्यावर चढणार नाही, हा माझा शेवटचा शब्द. माझ्या शेवटच्या शब्दाला या घरात किती विचारतात ते तुला माहीतच आहे.

आता फेट्याचं. फेटेवाला सकाळपासून खुर्चीवर बसेल त्याच्या डोक्याला फेटा गुंडाळत होता, मोबाईल कानाला, नजर भलतीकडे. लांब्या पंख्याचा वारा बघून खुर्चीवर चढला. फेटेवाल्याने बांधला. तो नेमका तुझ्यासाठी राखलेला शेवटचा, गुलाबी, जरीकाठाचा. यात माझा काय दोष? (आणि खरं सांगू? त्याला शोभत होता. तुझं डोकं त्यामानाने रुंद आहे.)

मुहूर्त बारा बत्तीसचा. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, असं माईकवरून तीनदा पुकारलं. मामा कुठे? मामा चार पाहुण्यांना नव्या गाडीत घालून ‘एकच राऊंड’ मारायला फलटणभर फिरतायत. भटजींनी घड्याळ दाखवलं. शिवांजली उठली तसा लांब्या उठला आणि तिच्यापुढे असा चालत गेला की परेडला मी इतका ताठ कधी चाललो नाही. मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागे बसून राहिला, नाकावर अक्षता पडल्या तरी हलला नाही. तू असतास तर तेवढ्यात तीन फोन घेतले असतेस.

मग कानपिळी. जावई ऋषिराज, सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा असून गरीब स्वभावाचा. त्याने हसत कान पुढे केला, लांब्याने तोंडात धरला. दात लावले नाहीत (हा कोंबडीचं अंडं न फोडता उचलून आणतो), पण सोडेना. पेढा दाखवला, सोडेना. व्याही लालासाहेब घाबरून म्हणाले, “आवं सुभेदार, पोराचा कान ऱ्हाऊ द्या की!” शेवटी शिवांजलीने वीरधवलला व्हिडिओ कॉल लावला. तिकडून तुटक आवाज आला, “लांब्या, सोड.” लगेच सोडला. आणि मग, नाथाजी, तो फेट्यासकट सगळ्या कार्यालयात वीरधवलला शोधत फिरला. पंगतीत, जनरेटरमागे, नवरीच्या खोलीत. नेमका तेव्हाच तू आलास, कुणीतरी तुझ्या हातात टॉवेल-टोपी ठेवली आणि तू “कुत्र्याला फेटा आन मामाला टावेल?” म्हणून गरजलास. वेळ तुझी चुकली, माझी नाही.

तेव्हा माफी नाही. वीरधवलच्या लग्नातही लांब्या फेटा बांधूनच बसेल. ज्याला चालेल त्याने यावं.

तुझा (तू मान अगर न मान) दाजी,
जोतीराम, सुभेदार, निवृत्त

ता. क. : शिवांजलीला रविवारी पहिल्यांदा माहेरी आणायचं आहे. सांगलीकर रीतीला पक्के, आणायला मुराळी म्हणून सख्खा भाऊ हवा नाहीतर मामा. भाऊ सीमेवर आहे. तुझ्या विट्याहून सांगली जवळ आहे आणि तुझी गाडी नवी आहे, इतकंच सुचवतो. ही विनंती समजू नये.

पुन्हा ता. क. : फेटा परत मागू नये. लांब्या त्याच्यावरच झोपतो.

नाथा, मी लीला. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून लिहिते. फेटेवाल्यानं काय बांधला न्हाई. ह्यांनीच खोलीचं दार लावून बांधला, मी खिडकीतनं बघितलं. त्यो फेटा तुझा न्हवताच, वीरधवलसाठी घेतलेला व्हता. बांधत व्हते आन डोळं पुसत व्हते. तुझा फेटा कपाटात घडी घालून हाय, चावी ह्यांच्या खिशात. त्या गडबडीत ह्यांना काय सुचलं न्हाई आन आता कबूल करायची लाज वाटती. रविवारी पोरीला घिऊन ये रं. दारातच तुला फेटा बांधायला लावते ह्यांना. लांब्याला बांधला, तर तुलाबी जमंल.